फोरस्टे बांधून गेलेल्या गृहस्थांस अनावृत पत्र

श्रीयुत रिगरसाहेब यांस,
(नाव लिहिलं असतं, पण ते होडीच्या जुन्या मालकांनाही ठाऊक नाही.)

पत्रास कारण की, आपण आमच्या होडीवर बांधलेली तार सुटली.

घाबरून जाऊ नका. माणसं शाबूत आहेत, डोलकाठीही शाबूत आहे, म्हणूनच हा मजकूर पोलिसांच्या जबाबात न जाता इथे छापून येतो आहे. आपला पत्ता मिळाला असता तर साध्या पोस्टाने पाठवला असता. पण होडी विकत घेताना ‘पुढची तार आणि हे शीड गुंडाळायचं यंत्र कोणी बसवलं?’ असं विचारलं, तेव्हा जुन्या मालकांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, ‘एक माणूस आहे. त्याला सगळं जमतं.’ एवढ्या वर्णनावरून मावळात कोणाला शोधायचं? पवनानगरपासून कार्ल्यापर्यंत गावोगाव असा एक माणूस आहेच. बोअरचा पंप तोच वर काढतो, फार्महाउसचं फाटक तोच जोडतो आणि शनिवार-रविवारी धरणाकाठच्या तंबूंवर दिव्यांच्या माळाही तोच सोडतो. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यांच्यातले बहुतेक जण न येणाऱ्या कामाला ‘हे आपलं काम नाही’ म्हणून मोकळे होतात. आपण म्हणाला नाहीत. म्हणून हे पत्र आपल्यालाच.

आपल्या कलेचं मोल बाकीच्या वाचकांना कळावं यासाठी आधी थोडं प्राथमिक सांगतो. हा भाग आपण गाळलात तरी चालेल. बांधताना गाळलाच होता.

आमच्यासारख्या अठरा फुटी होडीची डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. बुडाशी ती नुसती टेकलेली असते आणि तारा तिला ओढून धरतात. दोन्ही कुशींना श्राउड, मागे असलीच तर बॅकस्टे, आणि पुढे होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, वर डोलकाठीकडे गेलेली एकुलती एक तार, तिचं नाव फोरस्टे. बाजूची तार गेली तर निदान दुसरी बाजू उरते. पुढच्या तारेला जोडीदार नाही. ती गेली की डोलकाठी मागे येते, आणि मागे माणसं बसलेली असतात.

कोकणातल्या जुन्या गलबतांचं गणित वेगळं होतं. त्यांची डोलकाठी मुळातच पुढे झुकलेली, तिच्यावर तिरकी लांब काठी आणि त्या काठीवर भलंथोरलं तिकोनी शीड. तिथे पुढच्या एका तारेवर सगळा डोलारा टांगलेला नसे. तेव्हा ‘आमच्याकडे आज्यापणज्यापासून असंच बांधतात’ ही सबबही आपल्याला लागू होत नाही. आणि मावळाला समुद्राशी काय घेणं, हे तर बोलूच नका. ज्या लोहगडाच्या पायथ्याशी आपण ही करामत केलीत, तो गड एकेकाळी खुद्द सरखेल कान्होजी आंग्र्यांनी घेतला होता. त्यांना आवरायला पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्याच कैदेत पडले आणि शेवटी १७१४ साली बाळाजी विश्वनाथांनी इकडेच, लोणावळ्याच्या परिसरात, सरखेलांशी तह केला. आंग्र्यांच्या आरमारात आपण तार बांधली असतीत तर पत्र लिहायची वेळ आली नसती. लोहगडावर त्याहून जलद सोयी होत्या.

असो. फोरस्टेला दुसरंही काम असतं. पुढचं शीड, म्हणजे जिब, तिच्याच आधाराने उभं राहतं. तार ताठ असेल तर शिडाची पुढची कड सरळ राहते आणि होडी वाऱ्याच्या तोंडाकडे नेटाने चढते. तार ढिली असेल तर शिडाला पोट सुटतं, होडी कुशीवर कलते आणि पुढे जाण्याऐवजी आडवी घसरते. आमची होडी पवना जलाशयावर तुंग किल्ल्याच्या दिशेने जाताना नेहमी ब्राह्मणोली गावाकडे घसरायची. आम्हाला वाटायचं, तिला तिकडची ओढ आहे.

आता ते गुंडाळायचं यंत्र, फर्लर. पूर्वी जिबच्या कडेला लहान कड्या असत, त्या तारेत एकेक अडकवायच्या, आणि वारा वाढला की कोणीतरी हलत्या होडीत पुढे सरपटत जाऊन शीड उतरवायचं. मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९मध्ये एकटे, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते पुढची शिडं अशी हातांनीच बदलत. फर्लरने ही सरपट वाचते. खाली एक ड्रम, वर एक फिरती कडी, आणि आधुनिक यंत्रात या दोहोंच्या मध्ये तारेवर चढवलेली खाचेची ॲल्युमिनियमची नळी. ड्रमवरचा दोर मागे बसल्याबसल्या ओढला की नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. कल्पना जुनी आहे. वायकम-मार्टिन नावाचं ड्रम-कडीचं यंत्र इंग्लंडमध्ये १९०७ सालीच आलं होतं. सोय उत्तम. पण या यंत्राचा एक गुण आपल्यासारख्या कलावंतांना फारच मानवणारा आहे: ते तार झाकून टाकतं. वरपासून खालपर्यंत तार नळीच्या आत, तिचं खालचं टोक ड्रमच्या पोटात, आणि वरचं टोक सात मीटर उंचावर, जिथे होडी विकत घेणारा माणूस बघायला जात नाही. उघड्या तारेवर आपल्याला लाज वाटली असती. झाकलेल्या तारेवर आपण मोकळेपणाने काम केलंत.

आता प्रत्यक्ष घटना. मार्चमधली दुपार. उन्हाळ्याकडे झुकू लागलं की पवना जलाशयावर दुपारनंतर घाटमाथ्यावरून पश्चिमेचा वारा उतरतो. तो एकसारखा येत नाही. तुंग, तिकोना, लोहगड अशा डोंगरांच्या मधून धक्क्याधक्क्याने येतो. पाच मिनिटं पाणी आरशासारखं, आणि मग अचानक त्यावर काळपट सुरकुत्या पळत येताना दिसतात. तशा सुरकुत्या आल्या, म्हणून आम्ही शहाण्या माणसासारखं जिब गुंडाळायला घेतलं. जिबची दोरी, म्हणजे शीट, सैल केली, फर्लरचा दोर ओढला. शीड निम्मं गुंडाळलं आणि अडलं. सैल सोडून पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच अडलं. माझा मित्र दोर विंचवर घेऊन ताकद लावणार होता. मी नको म्हटलं, कारण फर्लर हाताच्या ओढीला दाद देत नसेल तर वर काहीतरी भलतंच चाललेलं असतं. एवढ्यात पुढच्या बाजूने ‘खट्’ असा अगदी कोरडा आवाज आला आणि डोलकाठीचा शेंडा मागे झुकला.

ती पडली का नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचं असेल. निम्म्या उघड्या शिडाची कड आणि ते चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, यांनी ती काही क्षण धरली. त्या काही क्षणांत करायचं असतं एकच: होडी ताबडतोब वाऱ्याच्या दिशेने वळवायची, म्हणजे वारा पाठीमागून येऊन डोलकाठीला पुढे ढकलत राहतो. सुकाणू लोटलं, मोठ्या शिडाचा दोर सोडला आणि डोलकाठीवरचा दुसरा मोकळा हॅलयार्ड पुढे नेऊन नाळेवरच्या खुंटीला आवळला. मग त्या तात्पुरत्या पुढच्या ताणावर, मोठं शीड उतरवून, हळूहळू काठाला आलो. काठावर कॅम्पिंगवाल्यांची पोरं मोबाइलवर चित्रण करत होती. त्यांना वाटलं, आम्ही काही खास कसरत करतोय. एका अर्थी करतच होतो, दिग्दर्शन आपलं.

काठावर आल्यावर ड्रम उघडला. इथून पुढचा मजकूर जरा सावकाश लिहितो, कारण आपल्या कामाची इतकी जवळून दखल आजवर कोणी घेतली नसेल.

सर्वांत आधी दिसली ती काळी इन्सुलेशन टेप. तार ताणायला खाली एक टर्नबकल असतं. मधली नळी फिरवली की दोन्ही टोकांचे आटे आत किंवा बाहेर सरकतात आणि तार ताठ किंवा ढिली होते. जे फिरवून आवळता येतं ते फिरून सुटूही शकतं, म्हणून ताण बसवून झाला की त्याच्या दोन्ही टोकांना स्प्लिट पिन घालून ते कायमचं जागेवर अडवायचं, हा नियम इतका साधा आहे की सायकलवाल्यालाही सांगावा लागत नाही. आपण पिनच्या जागी टेप गुंडाळली होती. टेपचं काम वीज अडवणं. पवनेवर वीज अडवण्याची तातडीची गरज मला कुठे दिसली नाही, पण दूरदृष्टी म्हणून नोंद घेतो.

आणि फर्लर असलेल्या तारेवर हा नियम मोडणं म्हणजे काय, तेही ऐका. बाकीच्या तारांच्या टर्नबकलला फिरवणारं कोणी नसतं. ते थरथरून, महिनोन्‌महिने, कणाकणाने ढिलं होतं. फोरस्टेच्या टर्नबकलच्या डोक्यावर तर आपण स्वतःच एक फिरतं यंत्र बसवलेलं. ते यंत्र तारेभोवती हलकं फिरायला हवं, तारेला सोबत घेऊन नाही. आपल्या यंत्राने तारेला सोबत घेतलं, कारण वरची कडी अडत होती. ती का अडत होती, तर हॅलयार्ड. शीड चढवायचा दोर डोलकाठीकडून त्या वरच्या कडीकडे येताना तारेपासून काही अंशांचा कोन करून यावा लागतो, साधारण आठ-दहा अंश तरी. नाहीतर शीड गुंडाळताना कडीचा वरचा, स्थिर राहायचा भागही फिरतो आणि हॅलयार्ड नळीला वेढे घालून बसतो. त्यासाठी डोलकाठीवर दोराला मागे ओढून धरणारी एक छोटी खोबण बसवतात. आपण ती बसवली नाहीत. दोर तारेला समांतर, अगदी गळ्यात गळा घालून वर गेलेला.

मग ही साखळी बघा. शीड गुंडाळायला घेतलं की वर हॅलयार्ड वेढे घालणार, कडी अडणार, ड्रमकडून आलेला पीळ नळीतून तारेत उतरणार आणि तार खालच्या टर्नबकलचा दांडा फिरवणार. शीड उघडताना वेढे आपोआप सुटतात, तेव्हा उलटा पीळ फारसा बसत नाही. म्हणजे जाताना फिरवायचं आणि येताना मोकळं सोडायचं, दर वेळी थोडं, एकाच दिशेला. कुठल्या कारागिराला मुद्दाम टर्नबकल सोडवायचं यंत्र बनवायला सांगितलं असतं तरी याहून सुबक जमलं नसतं. दिशाही नेमकी सुटण्याचीच निघाली, कारण ड्रमवर दोर आपण उलटा भरला होता.

दोर उलटा, हे आम्हाला कळायला हवं होतं असं म्हणाल, तर खूण होती खरी, पण तीही आपण कलात्मक करून ठेवली होती. शिडाच्या मागच्या आणि खालच्या कडेला निळ्या कापडाची एक पट्टी शिवलेली असते. होडी नुसती उभी असताना मावळातलं ऊन शिडाच्या पॉलिएस्टरवर पडू नये, ते त्या पट्टीवर पडावं, म्हणून. शीड गुंडाळलं की पट्टी बाहेर यायला हवी. आपल्या हातून गुंडाळलेल्या शिडात पट्टी आत आणि पांढरं कापड बाहेर. जुन्या मालकांनी तेही कौतुकानेच दाखवलं होतं: पट्टी अजून नवीकोरी आहे म्हणून!

इतकं सगळं मी अज्ञानात घालायला तयार होतो. खरंच होतो. फर्लर ही मावळातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वस्तू नाही, शिकवणारा कोणी जवळ नव्हता, सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत असेल. पण मग हाताला तो बोल्ट लागला.

टर्नबकल नाळेवरच्या पट्टीला ज्याने अडकवायचं तो क्लेव्हिस पिन असतो. गुळगुळीत, स्टेनलेसचा, भोकात घट्ट बसणारा, म्हणजे भार त्याच्या पूर्ण जाडीवर पडतो. त्याच्या जागी आपण साधा आटेवाला लोखंडी बोल्ट घातला होता. आटे असतात तिथे बोल्ट तेवढाच बारीक, आणि नेमक्या त्याच जागी पट्टीची धार त्याला कापायला बसलेली. हीही चूक, ठीक आहे. पण त्या बोल्टवर चंदेरी रंग होता. नखाने खरवडला तर खाली तांबूस गंज. जवळच तारेच्या टोकाला एकोणीस पदरांतले काही पदर तुटून कुसळांसारखे वर आले होते, त्यांच्यावरही चंदेरी रंग. खालच्या बाजूला टॉगल नावाचं जे दोन्ही दिशांना हलणारं बिजागर हवं असतं ते आपण वगळल्यामुळे, शिडाला प्रत्येक झोत बसला की तार टोकाशी थोडी वाकायची आणि सरळ व्हायची. स्टेनलेस स्टील गंजाला पुरून उरतं, पण अशा वाकण्याने थकतं, आणि थकतं ते तोंडाशी, जिथे तार फिटिंगमध्ये शिरते. ते तुटलेले पदर आपल्या डोळ्यांना दिसले. त्यावर स्प्रेचा डबा हलवून आपण फवारा मारलात.

म्हणजे आपल्याला माहीत होतं, साहेब.

न येणाऱ्याने केलेलं काम रंगवलेलं नसतं. ते ओबडधोबड, उघडं, प्रामाणिक असतं, आणि कोणीतरी बघून ‘अरे हे काय’ म्हणू शकतो. रंग लावतो तो ज्याला कळतं. तेव्हा ‘त्याला सगळं जमतं’ हे जुन्या मालकांचं प्रशस्तिपत्र मी आता अक्षरशः मान्य करतो.

याच मावळात दुसऱ्या टोकाला काय चालतं, ते कधी पाहून या. कामशेतजवळच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंगवाले उडण्याआधी दोऱ्या बोटांत धरून एकेक मोकळ्या करतात, कॅराबिनर बंद झाला का ते हाताने चाचपतात. नजरेवर विश्वास नाही, हातावर. नागफणीच्या कड्यावर उतरणाऱ्यांना दोरापाशी उभा असलेला माणूस शेवटी एकदा लॉक फिरवून दाखवायला लावतो. आणि तसं न करणाऱ्यांना खाली दरीतून वर आणायची वेळ आली, तर लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची पोरं रात्री-अपरात्री जातात. लोणावळ्यातच ‘आयएनएस शिवाजी’वर १९४५पासून नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ घडतात. समुद्रापासून दोन हजार फूट उंचीवर बसून जहाजाची यंत्रं शिकायची, यात विनोद आहेच, पण तिथून खाली गेलेल्या माणसाने पिनेच्या जागी टेप लावली तर त्याचं काय होईल याचा विचार मी आपल्या प्रकृतीच्या काळजीपोटी टाळतो.

आणि आपल्याला वाटत असेल की हे सगळे परदेशी नखरे आहेत, तर गोव्यापर्यंत जाऊ. दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीयांत पहिल्यांदाच. या सगळ्या मोहिमेमागे उभे होते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, जे निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत, म्हणजे समुद्रापासून मावळाहूनही लांब, राहत होते. तिथून पुढे ‘म्हादेई’वरच अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले, ‘तारिणी’वरून २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी फिरून आल्या, आणि २०२४-२५मध्ये दोघीच जणी. या होड्यांच्या पुढच्या तारा कोणी कशा बांधल्या, हे कोणी वाचकाला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, यातच काय ते आलं.

टॉमी यांची डोलकाठी एकदा गेली, तेही ठाऊक आहे. सप्टेंबर २०१८, गोव्यातच बांधलेली ‘थुरिया’, दक्षिण हिंदी महासागर. वादळाने होडी उलथली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला आणि सुटका होईपर्यंत तीन दिवस ते होडीत पडून होते. त्यांची डोलकाठी पाडायला दक्षिण हिंदी महासागराचं वादळ लागलं. आपल्याला आमची झुकवायला पवनेची एक दुपार पुरली. तुलना करावीशी वाटत नाही, पण कार्यक्षमता म्हणून आपलाच क्रमांक वर.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या हातचं काहीच उरलेलं नाही. तार नवी, एकोणीस पदरी, चार मिलिमीटरची, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची. ती तुटायला साधारण पावणेदोन टनांची ओढ लागते, म्हणजे आमच्या होडीला पुरून उरावी. टोकं यंत्रावर दाबून बसवलेली, दोन्हीकडे टॉगल. क्लेव्हिस पिन खरा, त्याला स्प्लिट पिन. टर्नबकलच्या दोन्ही टोकांना स्प्लिट पिन. या पिना किती महाग म्हणाल, तर लोणावळ्याला गाडी थांबवून चिक्कीचा एक तुकडा तोंडात टाकायचा तेवढ्यात. वर हॅलयार्डला खोबण. दोर सुलटा भरला, शीड पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक राहतील इतका लांब, आणि ड्रममध्ये शिरताना तारेशी काटकोन करील असा वळवलेला. आता शीड एका हाताने गुंडाळता येतं. निळी पट्टी बाहेर येते, आणि ती नवीकोरी असल्याने फार शोभते. एवढं श्रेय मात्र आपलं.

होडी ब्राह्मणोलीकडेही घसरत नाही.

मला आपल्याकडून पैसे नकोत. माफी तर मुळीच नको, तीही आपण चंदेरी करून द्याल. मला एक यादी हवी आहे. ‘एक माणूस आहे’ असं एकच होडीवाला म्हणत नाही. आपला लौकिक आहे, म्हणजे गिऱ्हाइकं आहेत. जलाशयाच्या काठाला उलट्या ठेवलेल्या, बंगल्यांच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या, ट्रेलरवर चढवून कोणीतरी दुसऱ्या कुठल्या तलावावर नेलेल्या अशा आणखी किती होड्यांच्या नाळेवर आपण हात फिरवलात, ते कळवा. मालकांची नावं आठवत नसतील तर होडीचा रंग सांगा, गाव सांगा, कोणत्या साली ते सांगा. आम्ही दोघं पाना घेऊन जाऊ, आपलं नाव न घेता. तेही आम्हाला माहीत नाहीच.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, यादी असावी.

आपला,
एक होडीवाला, पवनाकाठ

ता. क. ज्यांच्या होडीवरचा फर्लर याच गृहस्थांनी बसवल्याची शंका असेल त्यांनी ड्रमखालचा बोल्ट नखाने खरवडून पाहावा. नखाला चंदेरी रंग लागला, तर त्या दिवशी शीड उघडू नये.